हजेरी

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मिरज म्हटलं की बाहेरगावच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात. एक रेल्वेचं जंक्शन आणि दुसरी दवाखाने. गाडी बदलायला किंवा दुखणं दाखवायला, या दोन कामांसाठी अर्धा महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक आमच्या गावात येऊन गेला आहे. स्टेशनवर उतरायचं, पूर्वी टांगा, आता रिक्षा करायची, डॉक्टरांच्या दारात नंबर लावायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं. जाताना फार तर स्टेशनच्या फलाटावर चहा घ्यायचा. एवढ्यात गाव कुणाला दिसणार?

पण या दोन ओळखींच्या मागं मिरजेची तिसरी एक ओळख आहे. ती गाण्याची आहे. मी या गावात जन्मलो, इथंच शिकलो, बी.ए. झालो, नोकरी केली आणि तीसेक वर्षं मराठीत कविता लिहिल्या. घरी आम्ही दख्खनी बोलतो, दाराबाहेर मराठी, आणि बाजारात गेलं की चार माणसांमागं एक कानडी बोलणारा भेटतो. साहित्य संमेलनात कुणी ना कुणी मला विचारतंच, ‘‘तुम्ही मुसलमान, मग मराठीत कसं काय लिहिता?’’ मी म्हणतो, ‘‘आठ दिवस मिरजेला राहायला या, म्हणजे सांगावं लागणार नाही.’’

आज मला एका शब्दाविषयी बोलायचं आहे. शब्द साधा आहे आणि शाळेपासून ओळखीचा आहे. हजेरी. मास्तर नाव पुकारतात आणि मुलगा ‘हजर’ म्हणतो, ती हजेरी. कामावरच्या मजुरांचा असतो तो हजेरीपट. जूनमध्ये पेपरात बातमी येते, ‘पावसानं दमदार हजेरी लावली’. मूळ शब्द अरबी, पण आता तो इतका मराठी झाला आहे की पावसालाही तो परका वाटत नाही. या शब्दाला आमच्या गावात आणखी एक अर्थ आहे. मोठमोठे गवई, सतारिये, तबलजी मिरजेला येतात आणि म्हणतात, ‘‘मीरासाहेबांपुढं हजेरी लावायला आलोय.’’ कार्यक्रम करायला आलोय, असं म्हणत नाहीत. माझी अशी समजूत आहे की छोट्या शहरातली कला, तिथला इतिहास आणि तिथला शेजार ही तिन्ही या एका शब्दावर उभी असतात.

गावात ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा आहे. लोक नुसतं ‘मीरासाहेब’ म्हणतात. रोग्याला दवाखान्यात ठेवून त्याचे नातेवाईक दर्ग्यात येऊन बसतात. त्यात सगळ्या जातींचे लोक असतात. इथल्या उरुसाचा आकडा केव्हाच सहाशेच्या पुढं गेला आहे. उरुसात गलेफ चढवतात. गलेफ म्हणजे मजारीवर घालायचं वस्त्र. आमच्या उरुसाची सुरुवात होते ती चर्मकार समाजाच्या मानाच्या गलेफानं. हा मान कसा मिळाला, याच्या कथा पुष्कळ आहेत आणि प्रत्येक आजोबांची कथा थोडी वेगळी असते. मला कथेपेक्षा रीत महत्त्वाची वाटते. ज्या समाजाला इतर ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या पायरीच्या खाली उभं केलं गेलं, तो समाज इथं वाजतगाजत येतो आणि दर्गा त्याची वाट बघतो. तो आल्याशिवाय उरुस सुरू होत नाही. ही त्यांची हजेरी आहे. ती एक वर्ष चुकली तर मानाचा अर्थ राहणार नाही, हे गलेफ आणणाऱ्यांनाही कळतं आणि घेणाऱ्यांनाही कळतं.

याच दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. त्यांचा जन्म १८७२ सालचा, उत्तरेतल्या कैराना गावचा. त्या गावावरून त्यांच्या घराण्याला किराणा घराणं म्हणतात. आमच्याकडच्या कित्येकांना अजून वाटतं, किराणा म्हणजे दुकानातला. खाँसाहेब बडोद्याच्या दरबारात होते, नंतर या भागात आले आणि मिरजेत त्यांनी घर केलं. त्यांची मुलगी, म्हणजे आपल्या हिराबाई बडोदेकर, १९०५ साली मिरजेतच जन्मल्या. १९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. म्हणजे ज्या गाण्यानं अर्ध्या महाराष्ट्राची पहाट होते, त्याचा एक झरा आमच्या गावातून निघाला आहे.

खाँसाहेब दक्षिणेत दौऱ्यावर होते. मद्रासहून पाँडिचेरीला जाताना गाडीतच त्यांना अस्वस्थ वाटू लागलं. सिंगपेरुमाळ कोईल नावाच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले आणि तिथंच २७ ऑक्टोबर १९३७ रोजी त्यांचं निधन झालं. फलाटावर अंथरूण घालून त्यांनी नमाज पढली आणि मग सुरात परमेश्वराचं नाव घेतलं, असं सांगतात. त्यांना दफन केलं ते मिरजेला, मीरासाहेबांच्या आवारात. कैराना कुठं, मद्रास कुठं आणि मिरज कुठं! पण माणूस शेवटी जिथं हजेरी लावत होता, तिथंच परत आला.

खाँसाहेब हयात असताना उरुसात दर्ग्यापुढं गात असत. त्यांच्यामागं त्यांच्या शिष्यांनी ती रीत चालू ठेवली आणि त्यांच्या नावानं संगीत सभा होऊ लागली. रात्र रात्र चालणारी. कित्येक कलाकार इथं बिदागी न घेता गातात. व्यासपीठ फार उंच नसतं. खाली जाजम आणि वर आभाळ. पुढच्या रांगेत गाण्यातले जाणकार असतात, मागं पानपट्टीवाला, रेल्वेतला खलाशी, दवाखान्यातून पाय मोकळे करायला आलेला पेशंटचा भाऊ, आणि कडेला झोपलेली पोरं.

त्या झोपलेल्या पोरांत एक मीही होतो. वडील मला घेऊन जायचे. ते काही गाण्यातले जाणकार नव्हते. यमन कुठला आणि भूप कुठला, हे त्यांना सांगता आलं नसतं. मी तासाभरानं चुळबुळ करू लागलो की ते हळूच म्हणायचे, ‘‘समझा नहीं तो चलता. उठनेका नहीं.’’ समजलं नाही तरी चालेल, उठायचं नाही. ही आमच्या घरातली संगीताची पहिली आणि शेवटची तालीम. पुढं कविता लिहायला लागल्यावर तिचा मला फार उपयोग झाला. कळत नसताना बसून राहणं, हे सुद्धा एक शिक्षण असतं.

त्याच मिरजेत अंबाबाईच्या देवळात नवरात्रात संगीत महोत्सव होतो. गवयांना दोन्ही ठिकाणं सारखीच ओळखीची. ऐकणारेही बरेचसे तेच. फक्त इथं बाहेर ठेवलेल्या चपलांशेजारी नारळ-ओटीची दुकानं, आणि तिथं गुलाबाच्या पाकळ्यांची आणि उदबत्तीची. देवीपुढच्या बैठकीतला तंबोरा आमच्या सतारमेकर गल्लीतल्या मुसलमान कारागिरानं केलेला असतो, ही गोष्ट मिरजेत कुणी मुद्दाम सांगत नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं बरेच दिवस कुणाला वाटतच नव्हतं.

मिरजेच्या मोठ्या नावांची यादी वाचायची म्हटली तर मला दिलेला वेळ इथंच संपेल. ग्वाल्हेरचं गाणं महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथं शिकवत. त्यांच्याकडं विष्णु दिगंबर पलुसकर शिकले. संस्थानातल्या एका समारंभाचं निमंत्रण आपल्याला आलं, पण गवई म्हणून आपल्या गुरूंना आलं नाही, हे पलुसकरांच्या मनाला लागलं, असं सांगतात. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गवयाला समाजात मान मिळावा म्हणून आयुष्यभर झटले. १९३१ साली त्यांचं निधन झालं ते पुन्हा मिरजेतच. मल्लिकार्जुन मन्सूर तरुणपणी नीळकंठबुवांकडं शिकायला इथं राहिले. विनायकबुवा पटवर्धन इथलेच. आणि १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘शाकुंतला’त नारायण राजहंस नावाचा मुलगा शकुंतला होऊन पहिल्यांदा रंगभूमीवर उभा राहिला, तोही मिरजेत. तोच आपला बालगंधर्व. त्यांच्या नावाचं नाट्यगृह आज गावात आहे.

ही यादी ऐकून परगावचे लोक म्हणतात, ‘‘वा, काय भाग्यवान गाव!’’ गाव भाग्यवान आहे, याबद्दल वाद नाही. पण नाव असलेली माणसं गावात येतात ती नाव नसलेल्या माणसांमुळं. गवई गात होता तेव्हा समोर कोण बसलं होतं? त्याचा तंबोरा कुणी केला होता? तार तुटली तेव्हा रात्री अकरा वाजता दार कुणी उघडलं? यादीत ही नावं नसतात. म्हणून थोडं त्या गल्लीत जाऊ या.

सतारमेकर गल्लीतले लोक मूळचे शिकलगार. तलवारी, भाले, जंबिये यांना धार लावणं, पाणी देणं हे त्यांचं काम. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचा अंमल बसला, लढाया थांबल्या आणि हत्यारांचं काम गेलं. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड होती. दरबारात उत्तरेकडची वाद्यं होती आणि ती मोडली की दुरुस्तीला लांब पाठवावी लागत. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ मोहिद्दीन या शिकलगारांनी ही दुरुस्ती शिकून घेतली आणि मग स्वतःच तंबोरे आणि सतारी करायला लागले. त्यांचे वंशज आणि त्यांच्याकडं शिकलेले लोक आजही ते काम करतात. तलवारीला धार लावणारे हात तारेला सूर लावू लागले. हे वाक्य ऐकायला कवितेसारखं वाटतं, पण त्यामागं साधी गरज होती. घरात चूल पेटायला हवी होती. कामधंदा बदलावा लागला आणि तो नीट बदलला, एवढंच.

तंबोरा कसा होतो, ते थोडक्यात सांगतो. त्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून, भीमेच्या काठावरून. हा भाजीचा भोपळा नव्हे. हा कडू असतो आणि त्याची साल जाड असते. तो महिनोन्‌महिने वाळवतात. मग कापून आतला गर आणि बिया काढतात, पाण्यात भिजवतात आणि तोंड हवं तेवढं रुंद व्हावं म्हणून आत काठ्यांचा आधार देऊन पुन्हा वाळवतात. त्याच्यावर लाकडाची पातळ तबली बसते. वर लांब दांडी, तीही लाकडाची. या कामाला तुण नावाच्या झाडाचं लाकूड चालतं, हलकं आणि टिकाऊ. मग खुंट्या, नक्षी, लाखेचं पॉलिश. पूर्वी नक्षीला हस्तिदंत आणि घोडीला सांबराचं शिंग वापरत. वन्यप्राण्यांचा कायदा आला आणि ते बंद झालं. आता उंटाचं हाड किंवा कृत्रिम वस्तू वापरतात.

एवढं सगळं झालं तरी तंबोरा बोलत नाही. तो बोलतो जवारीनं. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानशीनं अगदी थोडा, केसाएवढा घासायचा, म्हणजे तारेचा आवाज फुलतो आणि घुमत राहतो. तारेखाली सुती दोऱ्याचा बारीक तुकडा सरकवून नेमकी जागा शोधायची. जास्त घासली तर आवाज फाटतो, कमी घासली तर मुका राहतो. आमच्या शेजारी एक वयस्कर कारागीर आहेत. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणते. त्यांना मी एकदा विचारलं, ‘‘चाचा, किती घासायचं हे कसं कळतं?’’ ते म्हणाले, ‘‘जवारी कानशीनं नाही लागत बाबा, कानानं लागते.’’ आणि पुढं म्हणाले, ‘‘हे काम शिकायला दहा वर्षं लागतात. त्यातली आठ नुसतं ऐकण्यात जातात.’’

आता या गोष्टीकडं जरा निराळ्या बाजूनं बघा. भोपळा पिकवतो चंद्रभागेकाठचा शेतकरी, ज्याच्या घरात विठ्ठलाची माळ आहे. तंबोरा करतो शिकलगाराचा पणतू. तो वाजतो कधी दर्ग्यात, कधी देवीपुढं, कधी किराणा घराण्याच्या गवयामागं, कधी कीर्तनात. यांपैकी कुणीही ‘चला, आपण एकोपा दाखवू या’ असं म्हणून काम करत नाही. शेतकऱ्याला भाव हवा असतो, कारागिराला मजुरी, गवयाला सूर. पण प्रत्येकाला दुसऱ्यावाचून भागत नाही. मला वाटतं, शेजार टिकतो तो अशा गरजेवर. गोड बोलण्यावर तो टिकत नाही.

तो किती टिकतो, याची परीक्षाही आमच्या गावानं दिली आहे. ते सांगितलं नाही तर हे भाषण खोटं होईल.

सप्टेंबर २००९. गणेशोत्सव चालू होता. मिरजेची विसर्जन मिरवणूक आणि तिच्या वाटेवरच्या भव्य स्वागतकमानी प्रसिद्ध आहेत. त्या वर्षी एका कमानीवरच्या चित्रावरून वाद पेटला. दगडफेक झाली, जाळपोळ झाली, गणपती मांडवात थांबले आणि गावात संचारबंदी लागली. झळ सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेली. आमच्या गल्लीत कानशीचा आवाज बंद झाला. मी इतकी वर्षं या गल्लीच्या आसपास राहिलो, पण तिथं इतकी शांतता असते हे मला माहीत नव्हतं.

तेव्हा बाहेरचे लोक विचारत होते, ‘‘संगीताच्या नगरीत दंगल झालीच कशी?’’ प्रश्न बरोबर होता, पण त्याच्या पोटात एक चुकीची समजूत होती. गाणं म्हणजे काही देवीची लस नव्हे, की लहानपणी एकदा टोचली आणि जन्माची काळजी मिटली. गाण्यानं दंगल थांबत नाही. ज्या पिढीनं बैठका ऐकल्या, तिची पुण्याई पुढच्या पिढीला आपोआप मिळत नाही. गवई आज रियाझ चुकला तर त्याचं त्याला कळतं, चार दिवस चुकला तर साथीदाराला कळतं आणि महिनाभर चुकला तर सगळ्या गावाला कळतं. शेजाराचंही तसंच आहे. कुठंतरी आमचा रियाझ चुकत आला होता. एकमेकांच्या दारात जाणं कमी झालं होतं. ते त्या आठवड्यात सगळ्या महाराष्ट्राला कळलं.

संचारबंदी शिथिल झाली तेव्हाची एक गोष्ट सांगतो. मी चाचांच्या दुकानाच्या ओट्यावर बसलो होतो. दुकान अर्धं उघडलेलं. रस्त्यावर माणसं होती, पण प्रत्येक जण खाली बघून झपझप चालत होता. तेवढ्यात जवळच्या खेड्यातले एक भजनी मंडळाचे गृहस्थ सायकल हातात धरून आले. कपाळाला बुक्का. त्यांनी वीणा दुरुस्तीला टाकली होती.

‘‘चाचा, वीणा झाली का?’’

चाचा म्हणाले, ‘‘झाली की, माउली. पण आजच कशाला बाहेर पडलात?’’

‘‘काकडा तोंडावर आलाय. आणि म्हटलं, बघून यावं. बरे आहात नव्हं?’’

चाचांनी वीणा काढली, तारा छेडून दाखवल्या. त्या गृहस्थांनी कान लावून ऐकल्या, मान हलवली. मजुरी किती ते विचारलं. चाचांनी सांगितली. त्यांनी मोजून दिली, चाचांनी मोजून घेतली. कुणी एक रुपया सोडला नाही आणि कुणी एक रुपया जास्त दिला नाही. ‘येतो’ म्हणून ते गेले.

श्रोतेहो, त्या दिवसांत शांतता समितीच्या बैठका झाल्या, भाषणं झाली, तीही लागतात. पण मला धीर आला तो या व्यवहारानं. त्यात उपकार नव्हता, दया नव्हती, ‘आम्ही किती मोठ्या मनाचे’ हा आव नव्हता. नेहमीचं गिऱ्हाईक नेहमीच्या दुकानात नेहमीच्या कामासाठी आलं होतं. मात्र त्या दिवशी नेहमीसारखं येणं, हीच मोठी गोष्ट होती. मी त्याला हजेरी म्हणतो.

आता आजचं बोलू.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे कुठंही केलेलं वाद्य ‘मिरजेचं’ म्हणून खपवता येणार नाही, नावाला कायद्याचं संरक्षण आलं. गल्लीत आनंद झाला, पेढे वाटले, आम्ही खाल्ले. चाचांनाही बरं वाटलं. पण पेढा तोंडात असतानाच ते म्हणाले, ‘‘नाव राहिलं, चांगलं झालं. आता हात कुठनं आणायचे?’’ त्यांचा नातू हुशार आहे. पुण्याला कंपनीत कामाला आहे आणि महिन्याच्या महिन्याला पगार घेतो. त्यानं परत येऊन दहा वर्षं ऐकत बसावं, असं त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं? मानांकनानं नाव राखलं जातं. हात राखायचे असतील तर गिऱ्हाईक लागतं, योग्य मजुरी लागते आणि शिकणाऱ्या पोराच्या घरी त्या दहा वर्षांत चूल पेटावी लागते.

दुसरीकडं, आता तंबोरा मोबाइलमध्ये आला आहे. बटण दाबलं की सूर सुरू. मी त्याच्या विरुद्ध नाही. माझी भाची त्यावरच रियाझ करते. दोन खोल्यांच्या घरात पाच फुटी तंबोरा ठेवायचा कुठं, हा तिचा प्रश्न खरा आहे. पण मोबाइलमधला तंबोरा आधीच लावलेला असतो. तो लावायचे कष्ट नाहीत, म्हणून तो लावताना कान तयार होण्याची सोयही नाही. बैठकीच्या आधी दोन तंबोरे एकमेकांशी जुळवताना गवई दहा-पंधरा मिनिटं घेतो आणि नवी मंडळी घड्याळ बघतात. जुने श्रोते ती पंधरा मिनिटं गाण्यातच धरतात. दोन वेगवेगळी वाद्यं, वेगवेगळ्या भोपळ्यांची, एकमेकांचं ऐकत ऐकत एका सुरावर येतात. मला तर कधी कधी वाटतं, सगळ्या बैठकीत बघण्यासारखं तेवढंच असतं.

आणि तिसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. आमच्यातली काही मंडळी आता विचारतात, दर्ग्यात गाणं कशाला? पलीकडची काही मंडळी विचारतात, देवीच्या उत्सवात त्यांचा हात कशाला? दोघांनाही वाटतं, आपण धर्म शुद्ध करतो आहोत. मी दोघांशी वाद घालत नाही. मी त्यांना एवढंच म्हणतो, एक रात्र येऊन बसा, मग विचारा. अजून तरी बसून झाल्यावर कुणी मला तो प्रश्न पुन्हा विचारलेला नाही. अडचण एवढीच आहे की बसायला येणारे थोडे असतात. बैठकीत काळी डोकी कमी आणि पांढरी जास्त दिसतात. तरुण मुलं येतात, मोबाइलवर थोडं टिपून घेतात आणि दहा मिनिटांत उठतात. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. आम्हाला ‘उठनेका नहीं’ म्हणणारं कुणीतरी शेजारी बसलेलं होतं. त्यांच्या शेजारी कोण बसलंय?

म्हणून माझं मागणं लहान आहे, आणि ते फक्त मिरजकरांकडं नाही. तुमच्या गावातही असं काही असेल. कुठं शंभर वर्षांचं वाचनालय असेल, कुठं भजनाचा सप्ताह, कुठं कुस्तीचा आखाडा, कुठं मोहरमचे ताबूत नाचवणारी मिश्र मंडळी, कुठं हौशी नाटक करणारी चार टाळकी. ते टिकावं म्हणून निधी उभा करा, निवेदनं द्या, स्मारकं बांधा. सगळं करा. पण त्याआधी तिथं जाऊन बसा. जाताना घरातलं एक पोर बरोबर न्या. शाळेतल्या बाईंनी, सरांनी वर्षातून एकदा मुलांना एखाद्या कारागिराच्या ओट्यावर न्यावं. सहल म्हणून नेलंत तरी चालेल. तीस मुलांतल्या एकाचा कान जरी त्या तारेवर थांबला, तरी पुष्कळ झालं.

आमचा उरुस चंद्राच्या हिशेबानं येतो. त्यामुळं तो दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो. कधी तो उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत, कधी ऐन पावसात. नवरात्र मात्र अधिक महिन्याच्या आधारानं आपल्या जागी, आश्विनात राहतं. एक फिरता आणि एक ठरलेला. म्हणून आमच्या गावात गाण्याची ठरलेली ऋतुवेळ अशी नाही. कधीही आलात तरी थोड्याफार दिवसांच्या अंतरावर कुठली तरी बैठक असते. गाडी बदलायला मिरजेला उतरलात आणि मधे तीन-चार तास असले, तर फलाटावर बसून राहू नका. रिक्षावाल्याला सतारमेकर गल्ली म्हणून सांगा. काही विकत घ्यायलाच हवं, असं नाही. चाचा बसा म्हणतील, चहा सांगतील आणि आपलं काम चालू ठेवतील. तुम्ही नुसतं ऐका.